हायब्रिड एडब्ल्यूडी एसयूव्ही घेताना आणि वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुतीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, टोयोटाची हायरायडर एडब्ल्यूडी आणि त्याच यंत्रणेवर २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिस ऑलग्रिप या गाड्या घेणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तिघींचे इंजिन आणि चार चाकांना जोर देणारी यंत्रणा (एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह; मारुती तिलाच ऑलग्रिप म्हणते) सारखीच, त्यामुळे एकीचे उत्तर दुसरीलाही लागू पडते. हिशेब महाराष्ट्रातल्या पासिंगचे आहेत.

हायब्रिड आणि एडब्ल्यूडी दोन्ही एकाच गाडीत मिळते ना?

मिळते, पण जाहिरात वाचून मनात जे चित्र उभे राहते तसे नाही. या गाड्यांमध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या यंत्रणांना वापरला जातो.

पहिली स्ट्राँग हायब्रिड. १४९० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, जोडीला ८० पीएसची मोटर, दोन्ही मिळून सुमारे ११५ पीएस, आणि ई-सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही गाडी सिग्नलला, सोसायटीच्या आवारात, हळू चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर चालते. पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना.

दुसरी माइल्ड हायब्रिड, म्हणजे मारुतीच्या भाषेत स्मार्ट हायब्रिड. १४६२ सीसीचे चार सिलिंडरचे के-१५सी इंजिन, साधारण १०३ पीएस, १३७ एनएम. त्याला बेल्टने जोडलेला स्टार्टर-जनरेटर आणि एक छोटी लिथियम-आयन बॅटरी. एडब्ल्यूडी मिळते ती फक्त या दुसरीसोबत.

थोडक्यात, २८ किलोमीटरचे मायलेज आणि चार चाकांचा जोर असे दोन्ही या किमतीत मिळत नाही. सेल्समन ‘सर, हायब्रिडच आहे ही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण अर्धेच सांगत असतो. खरी हायब्रिड आणि एडब्ल्यूडी एकत्र हवी असेल तर लेक्सस एनएक्स ३५०एच सारख्या गाडीकडे जावे लागते. तिच्यात मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मोटर आहे, पण किंमत पार वेगळ्या वर्गातली.

मग यांतली कोणती घ्यावी?

रोजचे जाणे-येणे पुणे, ठाणे, नाशिकच्या गर्दीत आणि वर्षाकाठी दोन-तीन वेळा गावाला डांबरी रस्त्याने, असे असेल तर स्ट्राँग हायब्रिड घ्या. एडब्ल्यूडीचे वजन उगाच वाहू नका. नुसत्या पावसाळी घाटासाठी एडब्ल्यूडी लागत नाही, चांगले टायर लागतात.

एडब्ल्यूडी खरी कामाला येते ती वेगळ्या ठिकाणी. वाडीपर्यंत जाणारा लाल मातीचा चढ, ओल्या खडीवर उभ्या चढावर थांबून पुन्हा निघणे, शेतघराची कच्ची वाट, धरणाच्या मागच्या गावांचे रस्ते, हिवाळ्यात हिमाचल. महिन्यातून दोनदा जरी अशी वाट असेल तर पैसे वसूल.

इंधनाचा हिशेब करून बघा. वर्षाला १५,००० किलोमीटर, एडब्ल्यूडीला लिटरला १३ आणि स्ट्राँग हायब्रिडला २२ धरले, तर एकीला सुमारे १,१५४ लिटर लागते आणि दुसरीला ६८२. पेट्रोल १०४ रुपये धरले तर वर्षाला साधारण ४९,००० रुपयांचा फरक. पाच वर्षांत अडीच लाखांच्या घरात. चार चाकांच्या जोराची ही खरी किंमत आहे, शोरूममधल्या आकड्यात ती दिसत नाही.

माइल्ड हायब्रिड नेमके करते काय?

तीन कामे. गाडी थांबली की इंजिन बंद करते आणि पुन्हा हलक्या हाताने सुरू करते. निघताना आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा ब्रेक मारल्यावर थोडी वीज परत बॅटरीत टाकते. विजेवर ती एक फूटही चालत नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट जाणवते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो. सिग्नलला इंजिन बंद पडले की पंखा फिरत राहतो, पण गारवा ओसरतो. मग आत तापले की इंजिन आपणहून पुन्हा सुरू होते. यात बिघाड काही नाही. मे महिन्यात बहुतेक लोक आयडल-स्टॉपचे बटण दाबून ते बंद ठेवतात, आणि ते ठीकच आहे.

एडब्ल्यूडीत मॅन्युअल गिअर मिळतो का?

२०२२ मध्ये गाडी आली तेव्हा एडब्ल्यूडी फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये होती. २०२५ च्या बदलांत मॅन्युअलच्या जागी सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आली. चिखलात आणि उभ्या चढावर ऑटोमॅटिक अधिक सोयीची, कारण क्लच जळण्याचा प्रश्नच राहत नाही. सेकंडहँड बाजारात मॅन्युअल एडब्ल्यूडी बघत असाल तर क्लचची तपासणी आधी, बाकी सगळे नंतर.

बुकिंग करताना काय लिहून घ्यावे?

बुकिंगची रक्कम मोठी नसते. २०२२ ला ग्रँड व्हिटारासाठी ११,००० आणि हायरायडरसाठी २५,००० रुपये घेत होते. तोंडी बोलण्यावर जाऊ नका. बुकिंग फॉर्मवर पुढील गोष्टी स्पष्ट हव्यात: व्हेरियंटचे पूर्ण नाव (त्यात ‘ऑलग्रिप’ किंवा ‘एडब्ल्यूडी’ हा शब्द आलाच पाहिजे), गिअरबॉक्स, रंग, डिलिव्हरीचा अंदाजे महिना, बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल आणि किती दिवसांत. किंमत बुकिंगच्या दिवसाची नव्हे, डिलिव्हरीच्या दिवसाची लागते, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असते.

एडब्ल्यूडी फार खपत नाही, म्हणून शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला ती क्वचित असते. दोन चाकांची ऑटोमॅटिक चालवून ‘सेम टू सेम आहे’ असे सांगतात. इंजिन आणि गिअरबॉक्सपुरते ते खरे आहे. मागच्या यंत्रणेचे वजन, आवाज आणि खड्ड्यातले बसणे मात्र प्रत्यक्षच अनुभवावे लागते. दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे गाडी असेल तर तिथे जाऊन या.

खप कमी असल्याचा दुसरा परिणाम असा की डीलर पडून असलेली गाडी गळ्यात मारू पाहतो. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. जानेवारीत गाडी घेताना मागच्या वर्षीची मिळत असेल तर सवलत मागा, कारण विकताना वर्ष उत्पादनाचेच बघितले जाते.

ऑन-रोड किमतीतला कोणता आकडा खरा, कोणता जास्तीचा?

कोटेशन ओळीओळीने वाचा. समजा एक्स-शोरूम १८ लाख.

जीएसटी त्यातच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांना, माइल्ड आणि स्ट्राँग दोन्हींना, ४० टक्के दर आहे. लांबी चार मीटरच्या वर असल्याने छोट्या गाड्यांचा १८ टक्क्यांचा दर लागत नाही.

आरटीओचा एकरकमी कर: महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, १० ते २० लाखांत १२ आणि त्यावर १३ टक्के. म्हणजे १८ लाखांवर २,१६,००० रुपये. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे ३,६०,०००. जे व्यावसायिक ‘खर्चात दाखवू’ म्हणून फर्मच्या नावावर गाडी घेतात, त्यांनी हा फरक आधी आपल्या सीएपुढे मांडावा. ईव्हीला मिळणारी करसवलत हायब्रिडला महाराष्ट्रात नाही, स्ट्राँगलाही नाही.

टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर): १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का, इथे १८,०००. हा खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे. आयकर विवरणपत्र भरताना २६एएस या जमा कराच्या उताऱ्यात तो दिसतो, तिथून वळता करून घ्या. कित्येक जण विसरतात आणि पैसे सरकारकडे पडून राहतात.

फास्टॅग आणि एचएसआरपी (सरकारी नमुन्याची नंबरप्लेट) या ओळी खऱ्या. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘डेपो चार्जेस’ यांना नाही म्हणा. गाडी शोरूमपर्यंत आणणे हे डीलरचे काम आहे. ‘एसेन्शियल किट’ नावाने मॅट, मडफ्लॅप, पॉलिश आणि परफ्यूम एकत्र बांधून दिलेले असते. त्यातली प्रत्येक वस्तू वेगळी लिहून मागा, हवी तेवढीच ठेवा.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही. कोणत्याही कंपनीची पॉलिसी दाखवता येते. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा. शोरूमचा प्रीमियम बाहेरच्यापेक्षा जास्त निघाला की बाहेरचे कोटेशन पुढे करा. बहुतेक वेळा तिथल्या तिथे कमी होतो.

झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता मिळणारी भरपाई) घ्याच. या गाडीसाठी दुसरे महत्त्वाचे ॲड-ऑन म्हणजे इंजिन प्रोटेक्ट. पाणी शिरून इंजिन गेले तर साधी पॉलिसी हात वर करते. जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस साचला असेल तर ती विकताना बोनसचे पत्र घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नवीन गाडीच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. जुनी गाडी मुलाच्या नावावर आणि नवी वडिलांच्या, असे असेल तर हा बोनस वळत नाही.

पीडीआयमध्ये एडब्ल्यूडीसाठी वेगळे काय बघायचे?

पीडीआय म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी. नेहमीचे तर बघायचेच: दिवसाच्या उजेडात रंग, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड, काचांवरचे कोड, ओडोमीटर, दोन्ही चाव्या, सनरूफ, कॅमेरे. चासी क्रमांक इनव्हॉइसशी जुळवा. पासिंगच्या आधी पीडीआय करा, कारण एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही.

त्यानंतर खाली वाकून बघा. पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) दिसला पाहिजे. तिथे तेलाचा ओलसर डाग नको. बॅज बघून समाधान मानू नका, शाफ्ट बघा. मग इग्निशन देऊन मोडची गोल कळ फिरवा. ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक हे चारही मोड मीटरवर आले पाहिजेत, आणि हिल डिसेंट कंट्रोलचा (उतारावर वेग आपोआप रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही. स्टेपनीचा आकार चार टायरांशी जुळतो का ते टेलगेट उघडून पाहा. का ते टायरच्या प्रश्नात येईल.

गाडी नंबरप्लेटशिवाय ताब्यात घेऊ नका. पासिंग आता डीलरकडूनच ऑनलाइन होते. ‘प्लेट दोन दिवसांत घरी पाठवतो’ हे ऐकू नका. पसंतीचा नंबर हवा असेल तर पासिंगच्या अर्जाआधी आरक्षित करून पावती डीलरला द्या.

बीएच नंबर घ्यावा का?

बीएच म्हणजे राज्य बदलले तरी चालणारा भारत मालिकेचा नंबर. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीत किंवा सरकारी नोकरीत असाल आणि बदली होत असेल, तरच. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १० टक्के दराच्या हिशेबाने. पुण्यातच निवृत्त व्हायचे असेल तर त्याचा काही फायदा नाही, आणि विकताना घेणारा बीएचच्या पात्रतेत बसत नसेल तर कटकट.

चार मोडपैकी कोणता कधी?

गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते. मागच्या चाकांकडे जोर किती पाठवायचा हे डिफरन्शिअलजवळचा इलेक्ट्रॉनिक क्लच ठरवतो. चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि ॲक्सिलरेटर बघून.

ऑटो: रोजचे. डांबरी रस्त्यावर, पावसातही, हाच. चाक घसरल्याशिवाय मागे जोर जात नाही, म्हणून पेट्रोल वाचते.

स्पोर्ट: इंजिन तत्पर होते, मागे जोर लवकर जातो. घाटात ट्रक ओलांडताना उपयोगी. एरवी पेट्रोल पिते.

स्नो: नावावर जाऊ नका. महाराष्ट्रात हा पावसाळ्यातल्या कच्च्या रस्त्याचा मोड आहे. लाल माती, ओले गवत, बारीक खडी. ॲक्सिलरेटर मऊ होतो, जोर चारही चाकांत आधीपासून वाटलेला राहतो. घसरण्याआधी लावायचा, रुतल्यावर नाही.

लॉक: रुतल्यावर किंवा रुतणार हे दिसत असताना. पुढे-मागे जोर बांधून ठेवतो आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवतो. वेग साधारण ६० च्या वर गेला की तो आपोआप सुटतो. कोरड्या डांबरावर लॉकमध्ये वळू नका. चाकांची ओढाताण यंत्रणेवर येते.

हिच्यात लो-रेंज गिअर (अवघड वाटेवर अगदी हळू, जास्त जोराने चालवणारा) नाही. थारला जमते ते सगळे हिला जमेल असे समजून खडकाळ ओढ्यात घालू नका. २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स वाटेतल्या दगडांपुरता आहे.

चिखलात रुतली तर काय करायचे?

पहिले म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. निम्म्या गाड्या रुततात त्या चाक गरागरा फिरवल्याने.

स्टिअरिंग सरळ करा. उतरून चाकांपुढचा चिखल हाताने, फावड्याने बाजूला करा. बंपरखाली माती टेकली असेल तर तीही काढा. लॉक लावा. पॅडलने दुसरा गिअर घ्या आणि अगदी हलका पाय द्या. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर फारच कापत असेल तर ईएसपी (घसरण रोखणारी यंत्रणा) ऑफचे बटण दाबून पुन्हा प्रयत्न करा. नाहीच निघाली तर चाकाखाली चपटे दगड, फांद्या, पोते, पायाखालचे रबरी मॅट घाला. टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड बरीच वाढते, मात्र सोबत हवा भरायचा छोटा पंप हवा. डांबरी लागण्याआधी हवा पुन्हा भरायची.

सतत चाक फिरवत राहिलात तर मागचा क्लच तापतो, मीटरवर इशारा येतो आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर येते. बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबा. ओढून काढायची तर टूलकिटमधला हुक बंपरच्या झाकणामागे पूर्ण पिळून बसवा. सस्पेन्शनच्या आर्मला दोर बांधून ओढायची गावठी पद्धत अलाइनमेंट बिघडवते.

काळ्या मातीबद्दल वेगळे सांगायला हवे. विदर्भ-मराठवाड्यातल्या पाणंद रस्त्यावर पाऊस झाला की टायरच्या खाचा दहा मीटरमध्ये भरून जातात आणि चारही चाके गुळगुळीत होतात. गाडीबरोबर येणारे २१५/६० आर १७ टायर डांबरी रस्त्याचे आहेत. अशा रस्त्यावर एडब्ल्यूडी तुम्हाला फक्त आणखी आत नेऊन रुतवते. दोन दिवस ऊन पडू द्या.

घाट उतरताना एडब्ल्यूडीचा उपयोग होतो का?

ब्रेक मारताना काडीचाही नाही. प्रत्येक गाडीला ब्रेक चार चाकांनाच असतात. ओल्या रस्त्यावर एडब्ल्यूडी निघते झपकन, म्हणून चालकाला पकड आहे असे वाटते. वळणावर मग फसगत होते.

उतारावर पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरा. हिल डिसेंट कंट्रोल हे उभ्या कच्च्या उतारासाठी आहे, वरंधा किंवा ताम्हिणीच्या डांबरी रस्त्यासाठी नाही.

स्ट्राँग हायब्रिडवाल्यांसाठी: तिची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास वीज साठवते. १,४०० किलोची भरलेली गाडी ३०० मीटर खाली आली की एक युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. त्यामुळे आंबोलीसारख्या लांब घाटात अर्ध्यातच बॅटरी भरते, आणि मग इंजिन मोठ्याने फिरून गाडीला रोखायला लागते. तो आवाज बिघाडाचा नाही. गिअरचा लिव्हर ‘बी’ वर ठेवला की हेच काम आधीपासून सुरू होते.

पाण्यातून किती खोलपर्यंत न्यावी?

चाकाच्या मध्यापर्यंत, तेही साचलेल्या, स्थिर पाण्यात आणि तळ माहीत असेल तर. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर जाऊ नका. वाहत्या पाण्यात गाडी तरंगू लागते, आणि तरंगणाऱ्या गाडीला चार काय, आठ चाकांचा जोर असला तरी व्यर्थ.

पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्ट केले की कनेक्टिंग रॉड वाकतात. तुम्ही पुन्हा स्टार्ट केली असे निघाले तर विमा कंपनीही अडून बसते. पाणी मागच्या डिफरन्शिअलपर्यंत चढले असेल तर वर्कशॉपमध्ये त्याचे तेल बघायला सांगा. दुधासारखे पांढरट दिसले तर त्याच दिवशी बदला.

समुद्रकिनाऱ्यावर चालवता येईल?

नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, कोकणातही पोलीस गुन्हे नोंदवतात. शिवाय ओली वाळू वरून टणक दिसते, गाडी थांबली की बसते आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या प्रोपेलर शाफ्टचे सांधे आणि ब्रेकच्या लाइनी पुढे गंजतात ते वेगळेच.

मायलेज खरे किती?

मॅन्युअल ऑलग्रिपचा कंपनीचा आकडा १९.३८ होता. प्रत्यक्षात शहरात १० ते १३, महामार्गावर ८०-९० च्या वेगात १५ ते १७ धरून चाला. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फटका गणितानेच बसतो. मीटरवरचा आकडा थोडा उदार असतो; टाकी फुल्ल करून दोनदा मोजा.

एक टायर फाटला तर एकच बदलला चालतो का?

दोन चाकांच्या गाडीत चालून जाते, इथे नाही. नव्या टायरची खाच आठ मिलिमीटरच्या आसपास असते. बाकीचे तीन झिजून तीनवर आले असतील तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा, म्हणजे दीड टक्क्याचा फरक पडतो. चाके वेगवेगळ्या वेगाने फिरतात, यंत्रणेला ते सतत घसरल्यासारखे दिसते आणि मागचा क्लच विनाकारण काम करत राहतो. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर एकच बदला. जास्त असेल तर निदान जोडी बदला आणि नवी जोडी मागे लावा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे ठेवा आणि दर १०,००० किलोमीटरला पुढे-मागे करा, म्हणजे हा प्रसंगच लांबतो. छोटी स्टेपनी लावली असेल तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच, हळू जा.

सर्व्हिसला काय सांगायचे?

मारुतीत पहिल्या तपासण्या १,००० किलोमीटर किंवा एक महिना, ५,००० किंवा सहा महिने, १०,००० किंवा एक वर्ष. जे आधी येईल ते. इंजिन ऑइल ०डब्ल्यू-१६ या पातळ ग्रेडचे लागते. ‘आपल्याकडच्या उन्हाला जाड बरे’ असा सल्ला नम्रपणे नाकारा.

एडब्ल्यूडी गाड्या वर्कशॉपला कमी येतात, म्हणून ट्रान्सफर केस (पुढून मागे जोर नेणारा गिअरसंच) आणि मागच्या डिफरन्शिअलचे तेल तपासायचे राहून जाते. जॉब कार्डवर ते शब्दांत लिहायला लावा आणि गाडी परत घेताना त्यावर खूण आहे का बघा. पावसाळा संपल्यावर खालून पाण्याने धुवून चिखल काढा. वाळलेला चिखल शाफ्टला चिकटला तर ८० च्या पुढे गाडी थरथरते, आणि लोक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात.

बोनेटखालची लेड बॅटरी आयडल-स्टॉपसाठी बनवलेल्या प्रकारचीच घ्या. साधी स्वस्त टाकली तर ती लवकर बसते आणि आयडल-स्टॉप चालेनासे होते.

टोयोटा की मारुती?

हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा दोन्ही कर्नाटकात बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात बनतात. मूळ वॉरंटीही आता दोघांची तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटर. तेव्हा तुमच्या घरापासून आणि गावापासून कोणाचे वर्कशॉप जवळ आहे, ते बघून ठरवा. सिंधुदुर्ग, गडचिरोली, नंदुरबारकडे जाणे-येणे असेल तर मारुतीचे जाळे जास्त दाट आहे.

अंडरबॉडी कोटिंग आणि सीट कव्हर घ्यावे का?

कोकणात किंवा मुंबईत गाडी राहणार असेल तर कोटिंग जरूर, पण सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, सेन्सर आणि डिफरन्शिअलच्या हवेच्या नळीवर फवारा मारू देऊ नका. ती नळी बुजली की आत दाब वाढून सीलमधून तेल झिरपते. सीट कव्हर घेताना बाजूला एअरबॅगसाठी उसवणारी शिवण आहे का ते पाहा. जाड, चारी बाजूंनी शिवलेले कव्हर साइड एअरबॅग अडवते.

गाडी बंद पडली, टोइंगवाला पुढची चाके उचलून न्यायला तयार आहे. द्यावी का?

देऊ नका. मागची चाके जमिनीवर फिरत राहिली तर शाफ्ट आणि क्लच फिरतो, तापतो आणि गाडी वर्कशॉपला पोचेपर्यंत दुसरा मोठा खर्च तयार होतो. फोनवरच ‘गाडी एडब्ल्यूडी आहे, फ्लॅटबेड पाठवा’ असे सांगा आणि मदतीचा अर्ज नोंदवणाऱ्याला तेच लिहायला लावा. नो पार्किंगमधून उचलणाऱ्या गाडीलाही हाच नियम, म्हणून पार्किंग बघून लावा. वर्कशॉपमध्येही दोनच चाकांच्या रोलरवर ब्रेक तपासायला किंवा एक बाजू जॅकवर घेऊन गिअरमध्ये फिरवायला मनाई करा. जमिनीवरची चाके जोर घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते.